जुन्या ट्रकचे हेड : दुरुस्त करावे, बदलावे की बाजारातले बसवावे?

उसाचा हंगाम उलटला की हेड उतरवलेल्या गाड्या गॅरेजच्या दारात दिसू लागतात, आणि ट्रकमालकांचे तेच ते प्रश्न पुन्हा येतात. "फेस करून चालेल ना?" "टर्बोच्या गाडीचे हेड साध्या इंजिनाला बसते का?" "पोर्ट मोठे करून घेतले तर घाटात ओढ वाढेल का?" "वेल्डिंग केलेले हेड घ्यावे का?" विचारणारे बहुतेक एका-दोन गाड्यांचे मालक असतात, आणि त्यातले पुष्कळ जण स्वतःच चाकावर बसतात. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही, त्यामुळे निर्णय घाईत होतो. मग सहा महिन्यांत तेच हेड पुन्हा उतरवावे लागते.

हा लेख जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या, पुशरॉडवर चालणाऱ्या डिझेल इंजिनांसाठी आहे. टाटांची ६९२, ६९७, ४९७, कमिन्सचे ६ बीटी आणि त्या पिढीतली इतर इंजिने यांत येतात. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना यातले सगळे लागू होणार नाही.

माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. जुन्या माल ट्रकच्या हेडवर पैसा घालायचा तर तो तपासणीवर, मापांवर आणि चांगल्या मशीन शॉपवर घाला. ताकद वाढवण्यासाठी हेडमध्ये केलेला बदल अशा इंजिनाला क्वचितच मानवतो. कंपनीच्या मूळ मापात आणलेले हेड मात्र वर्षानुवर्षे त्रास देत नाही.

हेड उतरवण्याआधी दोष हेडचाच आहे का, ते पाहा

पाणी उकळते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, बाहेर गळती नसताना पाणी कमी होते, सकाळी पांढरा धूर निघतो. या खुणा दिसल्या की "हेड गेले" असे सांगून पाने बाहेर निघतात. पण यातल्या काही खुणा हेड शाबूत असतानाही दिसतात.

सर्वांत जास्त फसवतो तो ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर. बऱ्याच ट्रकांत त्याच्या माथ्याला इंजिनाचेच पाणी फिरवून थंड ठेवलेले असते. त्याचे गॅस्केट फुटले किंवा माथ्याला तडा गेला, की दाबाखालची हवा थेट पाण्यात शिरते आणि रेडिएटरमध्ये हेड गॅस्केट फुटल्यासारखेच बुडबुडे येतात. तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना कॉम्प्रेसरचे पाण्याचे दोन्ही पाइप काढा, तोंडे बंद करा आणि गाडी जागेवरच दोन-तीन मिनिटे चालवून पाहा. बुडबुडे थांबले तर हेडला हात लावायची गरज नाही. ही तपासणी न करता हेड उतरवले, फेस केले, परत बसवले आणि बुडबुडे तसेच राहिले, असे प्रकार वरचेवर घडतात. म्हणून मिस्त्रींना हे आधी करायला सांगा. त्यात संकोच कसला?

दुसरा संशयित ऑइल कूलर. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे कूलर फुटला की तेल पाण्यात जाते आणि रेडिएटरच्या तोंडाशी तेलाचा थर साचतो. पाण्यात तेल दिसले तर पहिला संशय कूलरवर घ्या. उलट पाण्यात तेलाचा मागमूस नाही, थंड इंजिन सुरू करताच वरचा होज टणक होतो आणि कॉम्प्रेसर निर्दोष ठरला आहे, अशा वेळी गॅस्केट किंवा हेडकडे वळायला हरकत नाही.

हेड खरोखर गेले असेल तरी ते का गेले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवे बसवू नका. चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा, झिजलेला वॉटर पंप, स्प्रिंग मेलेली रेडिएटर कॅप, वाढवून ठेवलेला डिझेल पंप यांपैकी काहीतरी कारण असतेच. थर्मोस्टॅटबद्दल तर एक गैरसमज घट्ट बसला आहे. गाडी गरम होते म्हणून तो काढून फेकतात. पण बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद होते आणि सगळे पाणी रेडिएटरकडे जाते. तोच काढला तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते, आणि भरलेली गाडी चढावर असताना नेमकी तेव्हाच थंडावा कमी पडतो. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा घाला, जागा रिकामी ठेवू नका.

तुमच्या इंजिनाला नेमके कोणते हेड लागते

गाडीच्या मॉडेलवरून हेड मागू नका, इंजिनावरून मागा. एकाच मॉडेलच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिने आली आहेत, आणि जुन्या गाडीत मधल्या कुणा मालकाने इंजिनच बदललेले असण्याची शक्यताही असते. ब्लॉकवरचा नंबर, इंजिनावरची पाटी आणि जुन्या हेडवरचा ओतीव नंबर या तिन्हींचा फोटो घेऊनच दुकानात जा.

टाटांच्या जुन्या इंजिनांचे आकडे कामाचे आहेत. पहिला अंक सिलिंडरची संख्या सांगतो, पुढचे दोन बोअर मिलिमीटरमध्ये. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ चा बोअर. ६९७ मध्ये बोअर ९७ चा झाला. ४९७ हे चार सिलिंडरचे, बोअर तोच ९७. पण इथेच फसगत होते. ४०७ मधले ४९७ हे आखूड स्ट्रोकचे, २,९५६ सीसीचे आहे, तर ७०९ मधले ३,७८३ सीसीचे. स्ट्रोक १०० मिलिमीटर आणि १२८ मिलिमीटर, इतका फरक. बोअर सारखा असल्याने हेड वरून सारखे वाटते आणि दुकानदार "बसून जाईल" म्हणतो. बोल्टांची भोके जुळली म्हणजे हेड जुळले, असे होत नाही.

कमिन्सचे ६ बीटी हे ५.९ लिटरचे, १०२ मिलिमीटर बोअरचे इंजिन. सहाही सिलिंडरना मिळून एकच लांब हेड आणि त्याला १२ वॉल्व्ह. या कुळातल्या इंजेक्टरच्या नोझलचा व्यास काही इंजिनांत ९ मिलिमीटर, तर काहींत ७ मिलिमीटर आहे. हेडमधले भोकही त्याप्रमाणे बदलते. ९ च्या भोकात ७ चे नोझल सैल बसते आणि ज्वलनाची गरम हवा बाजूने वर चढून नोझल जाळते. वापरलेले हेड घेताना हे माप तिथेच कॅलिपर लावून तपासा.

जुने हेड आणि घ्यायचे हेड शेजारी ठेवून या गोष्टी पडताळून घ्या:

- नवे गॅस्केट दोन्ही हेडांवर आणि नंतर ब्लॉकवर ठेवून पाण्याचे आणि तेलाचे प्रत्येक भोक जुळते का. एखादे भोक झाकले जात असेल, तर त्या सिलिंडरला पाणी कमी पडणार.
- हेडची जाडी. ती आधीच कमी झालेली असेल तर ते हेड पूर्वी फेस झालेले आहे.
- इनलेट आणि एक्झॉस्ट वॉल्व्हच्या माथ्यांचा व्यास आणि सीटचा कोन. ६ बीटीमध्ये इनलेटची सीट ३० अंशांची, एक्झॉस्टची ४५ अंशांची असते. सगळ्या सीट एकाच कटरने मारणाऱ्याकडे हे काम देऊ नका.
- हेड बोल्टचा व्यास आणि लांबी, रॉकर स्टँडची जागा, मॅनिफोल्डच्या स्टडची जागा.

टर्बोचे हेड साध्या इंजिनाला बसते का? काही कुळांत ते बोल्टांवर बसते. पण टर्बो इंजिनाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हचा धातू, सीट आणि इंजेक्टर वेगळे असू शकतात. पार्ट नंबर उत्पादकाच्या यादीत परस्परांना चालणारा म्हणून दिलेला असेल तरच हो म्हणा, नाहीतर नको.

चार वाटा, आणि कोणती कधी धरावी

*स्वतःचे हेड दुरुस्त करून घेणे.* तडा नसेल आणि जाडी मर्यादेत असेल, तर माझी पहिली पसंती यालाच. ते हेड तुमच्या इंजिनाचेच आहे, त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, आणि वर्षानुवर्षे तापून-थंडावून त्याच्या ओतीव लोखंडातला मूळचा ताण निघून गेलेला असतो.

*कंपनीचे नवे हेड.* महाग, पण वॉल्व्हच्या सीटांमध्ये तडा गेला असेल आणि गाडी अजून चार-पाच वर्षे चालवायची असेल तर हाच मार्ग धरा. अधिकृत वितरकाकडूनच घ्या. नव्या हेडसोबत वॉल्व्ह, स्प्रिंग आणि गाइड येतात की नुसते ओतीव हेड येते, हे आधी विचारा. दोन दुकानांच्या भावांतली तफावत बहुतेक वेळा यातूनच निघते.

*दुसऱ्या बनावटीचे नवे हेड.* यात उत्तमही आहेत आणि अगदी टाकाऊही. बॉक्सवर निर्मात्याचे नाव, पत्ता, पार्ट नंबर आणि किंमत छापलेली नसेल तर घेऊ नका. नवे आहे म्हणून तसेच बसवूही नका. सपाटी, सीट आणि दाबाची चाचणी त्याचीही करून घ्या. नव्या हेडच्या पाण्याच्या वाटांत ओतकामाची वाळू राहिलेली आढळते. ती धुऊन काढली नाही तर रेडिएटरमध्ये जाऊन बसते.

*जुन्या बाजारातले हेड.* कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा जिल्ह्याच्या भंगार बाजारात हेड सहज मिळते. ताजा रंग मारलेले हेड पाहिले की सावध व्हा, रंगाखाली वेल्डिंग दडलेले असू शकते. भाव ठरवतानाच एक अट घाला: "मशीन शॉपच्या चाचणीत नापास झाले तर परत." आणि ती बिलावर लिहून घ्या. बिल द्यायला नकार देणाऱ्याकडून काही घेऊ नका. माल कुठून आला याची जबाबदारी उद्या तुमच्यावर येऊ शकते.

आता वेल्डिंगबद्दल. ओतीव लोखंडाचे वेल्डिंग होते, पण हेड आधी नीट तापवून, योग्य कांडी वापरून आणि नंतर हळूहळू थंड करूनच. बाहेरच्या पाण्याच्या भिंतीला गेलेला तडा अशा तऱ्हेने किंवा धातूच्या खिळ्यांनी शिवून चांगला बंद होतो. दोन वॉल्व्हच्या सीटांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरचा तडा मात्र वेगळी गोष्ट. तिथे प्रत्येक स्फोटाला धातू तापतो आणि लगेच थंडावतो, त्यामुळे साधे आर्क वेल्डिंग तिथे तग धरत नाही. काही इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये किती लांबीचा, कुठून कुठपर्यंतचा तडा चालेल हे दिलेले असते. निर्णय त्यावरून घ्या, मिस्त्रींच्या किंवा तुमच्या अंदाजावरून नको.

मशीन शॉपमध्ये काय करून घ्यायचे

इथे थोडे थांबून वाचा, कारण हेडचे आयुष्य याच टप्प्यावर ठरते. कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी हेड पूर्ण धुऊन, कार्बन काढून घ्यावे. मग चुंबकीय पावडरने तडे शोधावेत. त्यानंतर पाण्याची तोंडे बंद करून हवेचा दाब द्यावा, तोही गरम पाण्यात बुडवून. थंड हेडमध्ये मिटलेला तडा तापल्यावर उघडतो, म्हणून थंड चाचणीत पास झालेल्या हेडवर मी विसंबत नाही. या चाचण्या आधी झाल्या तर फुटक्या हेडवर गाइड-सीटचा खर्च वाया जात नाही.

मग सपाटी. स्ट्रेट एज आणि फिलर गेज घेऊन लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर मोजायचे. सहा सिलिंडरचे एकसंध हेड लांबीत वाकण्याची शक्यता जास्त. गाडी उकळल्यावर ते मधून उचलते आणि टोकांना दाबून राहते. किती वाकणे चालेल हे मॅन्युअलमध्ये असते. मोजून आलेला आकडा कागदावर लिहून मागा. "थोडे वाकले होते, काढले" एवढ्यावर समाधान मानू नका.

गाइड बदलायचे असतील तर ते सीट मारण्याआधी. सीट कापणाऱ्या हत्याराचा दांडा गाइडमध्येच बसतो. गाइड झिजलेले असेल तर सीट तिरकी कापली जाते, आणि मग लॅपिंग पेस्टने कितीही घासा, वॉल्व्ह गोल बसत नाही. लॅपिंग शेवटचा हात फिरवण्यापुरते आणि बसणी तपासण्यापुरते असते. कटरची चूक त्याने भरून निघत नाही.

फेसिंगबद्दल जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. या इंजिनांचे हेड खालून सपाट असते आणि ज्वलनाचा खोलगट भाग पिस्टनच्या माथ्यात असतो. त्यामुळे हेड फेस केल्याने पिस्टन आणि हेड यांमधले अंतर बदलत नाही. ते अंतर ब्लॉकची उंची आणि गॅस्केटची जाडी ठरवते. "हेड फेस केले म्हणून जाड गॅस्केट घाला" हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. जाड गॅस्केट लागते ते ब्लॉकचा माथा फेस केल्यावर. ६ बीटीसाठी पाव मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर जादा जाडीची गॅस्केट मिळतात ती त्याचसाठी. विनाकारण जाड गॅस्केट घातले तर कॉम्प्रेशन घटते, गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेते आणि धूर वाढतो. तसेच कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असल्याने हेड फेस केल्यावर वॉल्व्हचे टायमिंगही बदलत नाही.

मग बदलते काय? दोन गोष्टी. पहिली, वॉल्व्हचा माथा हेडच्या पृष्ठभागापासून जितका आत असतो ते अंतर कमी होते, आणि फार कमी झाले तर पिस्टन वॉल्व्हला ठोकू शकतो. दुसरी, इंजेक्टरचे टोक अधिक बाहेर येते. फवारा पिस्टनच्या खळग्यात भलत्या जागी पडतो, टोक जळते, इंजिन काळा धूर टाकते. त्यामुळे फेसिंगनंतर वॉल्व्हची खोली आणि नोझलची उंची ही दोन्ही मापे डेप्थ गेजने घ्यायलाच हवीत. खोली कमी पडली तर सीट थोडी खाली घेतात, नोझल बाहेर आले तर योग्य जाडीचा तांब्याचा वॉशर घालतात. उलट ज्या हेडच्या सीट अनेकदा मारून वॉल्व्ह फार आत गेले आहेत, तिथे पुन्हा कटर फिरवू नका. नवी सीट ठोकून घ्या.

किती फेस केले तो आकडा हेडच्या बाजूला पंचने ठोकून घ्या. पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा तो कामी येईल.

बदल : कोणते करावेत, कोणते टाळावेत

पोर्ट मोठे करून, आतून चकचकीत करून घ्यायचा सल्ला पेट्रोलच्या शर्यतीच्या गाड्यांकडून आला आहे. थेट इंजेक्शनच्या डिझेल इंजिनात इनलेट पोर्टचा वळणदार आकार मुद्दाम केलेला असतो. आत येणारी हवा त्याने भोवऱ्यासारखी फिरते आणि फवारलेल्या डिझेलमध्ये मिसळते. ते वळण ग्राइंडरने खरवडले की हवा जास्त आली तरी ती फिरत नाही. डिझेल अर्धवट जळते, गाडी काळी धुरकटते, ॲव्हरेज जाते. २,००० फेऱ्यांच्या आत-बाहेर चालणाऱ्या माल ट्रकला मोठ्या पोर्टचा उपयोगही नाही. इनलेट पोर्टला हात लावू देऊ नका. मॅनिफोल्डचे गॅस्केट पोर्टच्या तोंडात आत घुसलेले असेल, तर ते सरळ बसवणे एवढेच तिथे करण्यासारखे आहे.

हेडवर करण्याजोगे बदल टिकाऊपणाचे आहेत. एक्झॉस्टला कठीण धातूची वेगळी सीट बसवणे आणि चांगल्या दर्जाचे, कठीण तोंडाचे एक्झॉस्ट वॉल्व्ह घालणे. घाटातून भार वाहणाऱ्या गाडीला, मग ती खंबाटकीतून कांदा नेणारी असो की गोव्यातला खनिजाचा टिपर, यांचा खरा फायदा होतो. मूळ इंजिनात स्टेम सील असतील तर सेटमध्ये ते नवे घाला, नसतील तर मिस्त्रींच्या हौसेखातर बसवू नका. तिथल्या गाइडला तेल मिळण्याची रचनाच वेगळी असते.

जाड स्टड, हेडमध्ये खाच मारून तारेची कडी बसवणे, असले उपाय टर्बोचा दाब खूप वाढवलेल्या इंजिनांसाठी आहेत. मूळ दाबावर चालणाऱ्या ट्रकला सुस्थितीतले मूळ बोल्ट पुरेसे असतात. आणि पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणे हा हेडचा सर्वांत मोठा शत्रू. जादा डिझेल जळायला पुरेशी हवा नसते, चढावर एक्झॉस्टचे तापमान चढत जाते, आणि वॉल्व्हच्या सीटांमधला तो चिंचोळा भाग तडकतो. नव्या हेडवर वाढवलेला पंप तसाच ठेवून गाडी बाहेर काढू नका. पंप आणि नोझल बेंचवर तपासून घ्या आणि पंपावर सील मारून मागा.

साध्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावण्याची कल्पनाही सोडून द्या. पिस्टनखाली तेलाचे फवारे, कॉम्प्रेशन, पंपाचे सेटिंग, सगळेच वेगळे लागते. कायद्याचा प्रश्न आहेच, तो पुढे येतो.

बसवताना

हेड कितीही चांगले झाले तरी ब्लॉकचा माथा सपाट नसेल तर गॅस्केट पुन्हा जाणारच. तोही मोजायचा. वेट लायनरच्या इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या वर किती आली आहे, ते प्रत्येक लायनरसाठी मोजा. एखादा लायनर खाली बसला असेल तर त्या जागी गॅस्केट धरणार नाही.

- बोल्टांची भोके टॅप फिरवून आणि हवा मारून कोरडी करा. तळाशी तेल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ते दाबले जाऊन ब्लॉक तडकू शकतो.
- इंजेक्टरच्या भोकात जुना तांब्याचा वॉशर अडकून राहिला नाही ना, ते बॅटरी लावून पाहा. वर दुसरा घातला की नोझल वर राहते, आणि मग गाडी मिस का मारते याचा शोध आठवडाभर चालतो.
- गॅस्केट कोरडे बसवा. शेलॅक, ग्रीस, पेंट काही नको, उत्पादकाने सांगितले असेल तरच.
- बोल्टाची लांबी वाढली असेल तर तो बदला. ताणून बसणारे बोल्ट मोजण्यासाठी मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते.
- टॉर्क रेंचशिवाय हेड आवळू देऊ नका. मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत. ६ बीटीला २६ बोल्ट आहेत आणि शेवटचा टप्पा ९० अंश फिरवण्याचा असतो. पाइप लावून अंदाजाने आवळलेले हेड मी कुणालाही मान्य करायला सांगणार नाही.

टॅपेट इंजिन थंड असताना सेट करा. ६ बीटीमध्ये इनलेट ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.५० मिलिमीटर. इतर इंजिनांचे आकडे वेगळे आहेत, ते त्यांच्या मॅन्युअलमधूनच घ्या. गाडी चालल्यावर हेड पुन्हा आवळायचे की नाही, हे गॅस्केटच्या जातीवर ठरते. पाकिटावरची सूचना वाचा, कारण जुन्या जातीच्या गॅस्केटला ते लागते आणि नव्या काही जातींना ते मारक ठरते.

बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. हेडच्या अरुंद पाणीवाटांत त्याचा थर बसतो आणि नेमक्या सर्वांत गरम जागी पाणी पोचत नाही. शुद्ध पाणी आणि कूलंट योग्य प्रमाणात मिसळूनच भरा.

आरटीओ, पीयूसी आणि कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो. त्यामुळे त्याच इंजिनासाठीचे त्याच प्रकारचे हेड बदलणे ही साधी दुरुस्ती झाली, आरसीत काही बदल लागत नाही. पण भंगारातून हेडसकट "हाफ इंजिन" आणून ब्लॉकच बदलला, तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच. नाहीतर फिटनेसला नंबर जुळणार नाही, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीच्या हातात आयते कारण मिळेल. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ प्रमाणे मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

पीयूसीमध्ये बीएस ४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू आहे. हेडचे काम झाल्यावर लगेच पीयूसी करून पाहा. वॉल्व्हची खोली, नोझल आणि पंप बरोबर असतील तर जुनी गाडीही त्यात बसते. आकडा मर्यादेच्या जवळ आला तर मशीन शॉपचा कागद काढून मापे पुन्हा तपासायला घ्या.

बिल, वॉरंटी आणि ग्राहक म्हणून तुमचा हक्क

"माझा ट्रक धंद्याचा, मग मी ग्राहक कसा?" असे बरेच जण समजतात आणि नुकसान सोसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वा सेवा वगळली आहे, हे खरे. पण केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. स्वतःची एक गाडी चालवून घर चालवणाऱ्याला ही वाट मोकळी आहे. मोठा ताफा असलेल्यांना ती सहसा मिळत नाही.

त्यासाठी कागद आधीपासून जमवा. हेडच्या बिलावर पार्ट नंबर हवा. मशीन शॉपच्या बिलावर कामे सुटी सुटी लिहिलेली हवीत: चाचणी, गाइड, सीट, किती फेसिंग. वॉरंटी तोंडी नको. बदललेले सगळे सुटे भाग परत मागून घ्या, गॅस्केटसुद्धा. ते कुठे जळले आहे यावरून दोष कुणाचा, हे कळते.

हेड पुन्हा गेले, तर काम केलेल्यांनी ते एकट्याने उघडण्याआधी आपण हजर राहा किंवा दुसऱ्या जाणकार मेकॅनिकला सोबत न्या. बोल्ट सोडवतानाचे, गॅस्केटचे आणि मोजमापाचे फोटो घ्या. मग लेखी नोटीस द्या आणि उत्तरासाठी मुदत द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, मग दुकान कुठेही असो. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. तक्रारीसोबत बिले, नोटीस, फोटो आणि दुसऱ्या मशीन शॉपचा सही-शिक्क्याचा मोजणी अहवाल जोडा, आणि निकाल लागेपर्यंत ते फुटलेले हेड भंगारात देऊ नका.